सहाव्या कलमाला न लावलेली चिठ्ठी

मी तिला फसवलं. शब्द मुद्दाम हाच वापरतोय. ओळखीच्या लोकांनी दुसरे बरेच सुचवले: गैरसमज, घाई, मनावरचा ताण. ते त्यांच्यापाशीच राहू देत.

आमचं लग्न मोडलं तेव्हा सिंगापुरात येऊन पंधरा वर्षं झाली होती. घरातले सगळे कागद मी बघायचो. पीआरचा, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याचा, अर्ज असो की हौगांगच्या फ्लॅटचं कर्ज, सहीच्या जागी मी पिवळी चिठ्ठी चिकटवायचो. ती ओट्यापासून यायची, हात पुसायची, सही करून परत जायची. वाचायची नाही. मीही कधी 'वाच' म्हटलं नाही.

घटस्फोट दोघांच्या संमतीनं होता. वकील फक्त माझा होता, तिनं केलाच नव्हता. मसुद्याच्या सहाव्या कलमात लिहिलं होतं, की ज्याची त्याची निवृत्तीची बचत ज्याच्या त्याच्या खात्यात राहील. दिसायला किती न्याय्य! पण ही बचत इथे पगारातून कापली जाते, आणि तिला पगार जेमतेम चार वर्षं होता. मुलगी झाल्यावर नोकरी सोड, असं मीच म्हणालो होतो. कोर्टानं तसा हुकूम दिला तर माझ्या खात्यातला वाटा तिच्या खात्यात वळवता येतो, हे मला माहीत होतं. तिला नव्हतं. मी तीन सह्यांसाठी तीन चिठ्ठ्या लावल्या आणि कागद तिच्याकडे पाठवले. सहावं कलम ज्या पानावर होतं तिथे सही लागत नव्हती.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. "सह्या केल्यात. चिठ्ठ्या लावल्यास ते बरं केलंस रे, मला काही सुधरलं नसतं."

टोमणा असता तर मी तो पचवला असता. ती खरोखर आभार मानत होती.

मी वकिलाला कागद दाखल करू नका म्हणून कळवलं. हे कळल्यावर पुण्याहून दादाचा फोन आला. "वेड लागलंय का तुला? सही तिनं केली. डोळे आहेत ना तिला?"

"आहेत. त्या डोळ्यांना कुठे बघायचं ते मी ठरवलं."

"आणि ते पैसे वयाच्या पंचावन्नपर्यंत कुलपातच ना? तिच्या हातात काय पडणार?"

"माझ्या तरी काय पडणार होतं, दादा? तरी मी ते सोडायला तयार नव्हतो."

"फारच साधू झालास!"

"साधू असतो तर आधीच सांगितलं असतं." आणि मी फोन ठेवला. दादाच्या आधी फोन ठेवायची ती माझी पहिलीच वेळ.

ती तोआ पायोहला भाड्याच्या खोलीत राहत होती. तिथल्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांमधल्या एका टेबलाशी, भेटलो. मी मसुदा उघडून समजावायला लागलो, तर तिनं तो ओढून घेतला.

"मी वाचते. तू चहा पी."

चष्मा लावून, बोट ठेवून, पहिल्या ओळीपासून. माझा चहा संपला, तिचा गार झाला. सहाव्या कलमावर बोट थांबलं.

"म्हणजे तुझं तुला, माझं मला?"

"हो."

"माझ्या खात्यात किती आहे, ठाऊक होतं तुला?"

"हो."

"हे बदलता येतं?"

"येतं. तेच सांगायला आलोय."

"मग आता वकील मी करणार. तू सुचवशील तो नाही."

"नकोच."

तिनं सहीजवळची एक चिठ्ठी सोलली आणि सहाव्या कलमाशेजारी अंगठ्यानं दाबून बसवली. मग चष्मा काढून माझ्याकडे पाहत राहिली. मी इंग्रजीत एक वाक्य जुळवून आणलं होतं, ऑफिसात दिलगिरी कळवतात तसलं. ते बोलवेना.

"ही चूक नव्हती," मी म्हणालो. "सगळं कळत असून मी तुला फसवलं. नोकरी सोडायला लावली, आणि वर हे. मला माफ कर."