टाकीतला पहिला घास

हे मी लिहिणारच नव्हते. लिहून एकदा खोडलंसुद्धा, कारण ही एका घरातली अगदी आतली गोष्ट आहे. पण काल माझी मैत्रीण संचिता स्वतःच म्हणाली, लिही गो, आईंचं नाव घालून लिही. म्हणून लिहितेय, आणि मध्ये थांबले तर परत खोडेन, म्हणून एका दमात.

संचिता कट्टा गावची. माहेरी भात, काजू, दारासमोर एसटी. लग्न करून आली देवबागला, जिथे घराच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला दर्या, आणि नवरा सुदेश मालवाहू बोटीवर. गेला की महिनोन्‌महिने तोंड दिसत नाही. घरात दोघीच, ती आणि सासू सुशीलाकाकी. मागच्या सुट्टीत सुदेशने पडवीत काचेची मोठी टाकी बसवली, कळश्या भरभरून समुद्राचं पाणी ओतलं आणि किनाऱ्यावरच्या खडपातल्या, खडकांतल्या डबक्यातून दोन मासे धरून आणले. अंगठ्याएवढे, पिवळे, अंगावर काळे पट्टे. निघताना बायकोला म्हणाला, "माझ्या आवशीक सांभाळ. आणि ह्या दोघांका पण."

काकीने ते ऐकलं आणि मनाशी गाठ मारली. तो परत येईपर्यंत हे दोघे जगले पाहिजेत. नाही जगले तर... पुढचं ती कधी बोलली नाही. ज्या घरातला माणूस पाण्यावर असतो त्या घरात असली वाक्यं कोणी पुरी करत नाही.

आणि टाकी बिघडायला लागली. आधी काचेवर तपकिरी भुकटी धरली. मग दगडांवर हिरवे केस उगवले, लांब, हलणारे. मग तळाच्या वाळूवर लालसर बुळबुळीत साय पसरली आणि पाण्याला वास मारायला लागला. सकाळी मासे वर येऊन तोंडं उघडत-मिटत उभे असायचे. संचिताने ऊन अडवायला खिडकीला पडदा लावला, दगड घासून काढले, चार दिवसांत सगळं परत.

त्यात सुदेशचा फोन. "टाकी दाखव गो."

संचिताने एकच बाजू पुसून ठेवलेली, तिथूनच फोन धरला.

"पाणी हिरवा दिसता गो."

"तुझ्या फोनात सगळाच हिरवा दिसता."

तो हसला. ती नाही हसली.

शेवटी तिने दीपेशला बोलावलं. सुदेशचा मित्र, पर्यटकांना पाण्याखाली प्रवाळ दाखवायला नेतो. त्याने टाकीत बोट बुडवून वास घेतला.

"वयनी, शेवाळ काय आभाळातसून पडत नाय. माशांका खावक होया त्याच्यापेक्षा जास्ती घालतास, ता खाली कुजता, आणि शेवाळाक खत मिळता. भाताक युरिया मारल्यासारखा." मग त्याने विचारलं, "सुंगटा धुवन घालतास?"

म्हणजे कोळंबी. संचिताने मान हलवली. "धुतली तर चव जाता ना."

"चव? माशे काय सोलकढी वांगडा जेवतत?"

ती ओशाळली, पण तिला हायसंही वाटलं. चूक सापडली, आपलीच आहे, म्हणजे सुधारता येईल. कोळंबीचा तो चिकट रस पाण्यात उतरतो, त्यावरच शेवाळ पोसतं. तिने कोळंबी चारचारदा धुतली, माशाच्या डोळ्याएवढे तुकडे केले, राहिलेला तुकडा चमच्याने लगेच बाहेर काढला. पाकिटातलं कोरडं खाणंही कमी केलं, त्यात अर्धं पीठच असतं म्हणाला होता दीपेश. ते लागायचं सोमवारी, कारण सोमवारी घरात कोळंबी चिरायची नाही.

"सोमवार तुमचो, आई. माशांचो नाय."

"घरात ऱ्हवतत मा? मगे घरचो सोमवार तेंचो पण," काकी म्हणाली.

एवढं करूनही शेवाळ हटेना. उलट वाढलं.

मग एका दुपारी दगड उचलताना तिच्या बोटाला काहीतरी लागलं. फुगलेलं, मऊ. उकड्या तांदळाचं शीत. दगडाच्या पोटात अशी पुष्कळ. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, संचिताला शितावरून सासू कळली.

दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. काकी पानावर बसली, पहिला घास कालवला, माशाच्या कढीतला, बोटांनी गोल केला. मग भिंतीला धरून उठली, दुखरे गुडघे ओढत पडवीत गेली आणि घास टाकीत सोडला. लपून नाही, चोरून नाही; संचिता त्या वेळी चुलीपाशी असायची, एवढंच. वळून सुनेला पाहिलं आणि सहज म्हणाली, "दर्यातलो मासो माझ्या हातचो घास खाता, मगे दर्या माझ्या झिलाक, सुदेशाक, उपाशी ठेवचो नाय."

काकीचा नवरा धोंडूसुद्धा बोटीवरचा. एकदा त्यांची बोट कुठल्याशा बंदराबाहेर अडकली आणि तो माणूस कितीतरी दिवस नुसत्या मीठभातावर राहिला. घरी आल्यावर हसत सांगितलं त्याने, पण काकीला हसू आलं नाही. त्या दिवसापासून पहिला घास दर्याला. धोंडू म्हातारा होऊन घरातच, अंथरुणावर वारला. मग सुदेश बोटीवर गेला, घास चालूच. गुडघे गेले, वाळू तुडवणं बंद झालं, आणि तिला वाटलं आता घास चुकणार. तेवढ्यात मुलाने दर्याच पडवीत आणून ठेवला.

आता हिला काय सांगायचं? की तुझ्या घासानेच ते गुदमरतायत? संचिताने सांगणं पुढे ढकललं. आणि त्याच आठवड्यात सुदेशचा फोन लागेनासा झाला. बोटीला रेंज नसते, हे दोघींना माहीत होतं. माहीत असून दोघी फोन उशाला घेऊन झोपत होत्या.

एका सकाळी धाकटा मासा पाण्यावर आडवा तरंगत होता.

काकी उठायच्या आत संचिताने तो पानात गुंडाळला आणि माडाच्या मुळात पुरला.

"दुसरो खंय गेलो गो?" काकीने टाकीपाशी वाकून विचारलं.

"दगडामागे आसा."

बोलून गेली. आणि त्याचं काय झालं बघा. दुपारी काकीने एक नाही, दोन घास कालवले. दगडामागे बसलेला भुकेला असणार, लाजतोय बिचारा. संचिता भात गिळत बसली आणि पडवीत पाण्यात घास पडल्याचा आवाज ऐकत राहिली. तिच्या एका खोट्याने विषाचा डोस दुप्पट झाला होता. फोन तसाच मुका.

दुसऱ्या दिवशी उरलेला मासा काचेला टेकून उभा, गालफडं लोहाराच्या भात्यासारखी हलत. काकी दोन घास घेऊन आली. हात पाण्यावर गेला आणि संचिताने सासूचं मनगट धरलं. घट्ट. ह्या घरात आल्यापासून तिने सासूला हात लावला होता तो पाया पडताना, तेवढाच.

"हात सोड."

"आई, नको."

"हात सोड म्हणतंय मी."

"दुसरो दगडामागे नाय. मेलो. मी तुमका खोटा सांगलंय."

काकीने टाकीत नजर फिरवली. "कोणी मारल्यान?"

संचिता रडत होती, पण बोलली. "ह्या घासान. भात तेंचा खाणा नाय, आई. तो कुजता, शेवाळ वाढता, तेंका श्वास गावना नाय. पयला मी सुंगटा न धुता घातलंय, माझा पण चुकला. पण आता ह्या थांबवक होया."

काकी खुर्चीत बसली. मूठ तशीच मिटलेली, बोटांतून कढी गळत होती. मग अगदी लहान आवाजात, "मगे ह्यो घास मी खंय घालू?"

संचिता खाली जमिनीवर बसली, काकीच्या गुडघ्यापाशी, आणि काय सुचलं कोण जाणे, म्हणाली, "माका घाला."

"तू काय दर्या आसस?"

"नाय. पण सकाळपासून मी पण उपाशी आसंय."

काकीचा हात पुढे आला. घास थंड झाला होता, संचिताने तो चावून चावून खाल्ला. दुसराही खाल्ला.

त्याच दुपारी दीपेश आणि संचिताने भरतीचं स्वच्छ पाणी आणून अर्धी टाकी बदलली. दोन दिवस माशाला काहीच नाही, मग धुतलेल्या कोळंबीचा एकच कण. तो कण आता काकी घालते, आणि मासा खाईपर्यंत हलत नाही. शेवाळ पूर्ण गेलेलं नाही अजून, पण लाल साय गेली. मासा जगला.

फोन मग लागला एकदाचा. काकीने तो सुनेच्या हातातून ओढून घेतला. "एक मासो मेलो रे. माझ्याच हातान."

पलीकडून सुदेशने विचारलं, "आये, तू जेवलंस?"

"जेवलंय. तुझ्या बायलेक भरवन जेवलंय."

तेव्हापासून रोजचा पहिला घास संचिताचा. आता संचिताला सातवा लागलाय, पुढच्या आठवड्यात ती बाळंतपणाला कट्ट्याला जाईल. सुदेशची बोट अजून लांब आहे. काकी पहिला घास कालवून हातात धरेल आणि समोर कोणी नसेल, टाकी तेवढी असेल. म्हणून सांगतेय, देवबागला कोणी जाणार असाल तर सुशीलाकाकीला भेटून या. लवकर जा, दुपारी पानं घेतात तेव्हा जा, आणि जाताना काही खाऊन जाऊ नका.