पिवळी टोपी आणि अर्धं शटर

मी संशयी बाई आहे. हे आधी मीच सांगून टाकते, नाहीतर आमचे हे सांगतात आणि वर तिखटमीठ लावतात. दारावर आलेल्या माणसाचं ओळखपत्र मी दोनदा बघते. बस स्टॉपवर कुणाची पिशवी नुसती पडलेली दिसली तर मी त्या स्टॉपवर उभीच राहत नाही. शेजारणी हसतात. हसोत बापड्या.

हा संशय मला माहेरी मिळाला. लालबागला माझ्या वडिलांचं मसाल्याचं दुकान होतं आणि शाळा सुटली की मी गल्ल्यापाशी बसायची. गिरणगावातलं दुकान, त्यामुळे मोर्चा, बंद, दंगल, सगळं समोरून जायचं. रस्त्यावर गडबड होणार हे वडिलांना आधी कळायचं. भाजीवाली पाटी उचलायला लागली, टॅक्सीवाले उलटे वळायला लागले की ते उठायचे आणि शटर अर्ध्यावर आणायचे. अर्ध्यावरच. पूर्ण नाही. धंदा बंद, पण पळणाऱ्याला वाकून आत येता यावं म्हणून. स्वतः शटरला हात लावून उभे राहायचे. मी भीतीने ओरडायची, "बाबा, लावा ना पूर्ण!" ते मालवणीत म्हणायचे, "थांब गो. आधी माणसा आत येवंदेत, मगे वढूया." मग कोण कोण आत शिरायचं. मिरच्यांच्या पोत्यांवर बसायचं, शिंकायचं, पाणी प्यायचं. शटर पायाने दाबून झटक्यात कसं ओढायचं हे त्यांनीच मला शिकवलं. दहाव्या वर्षी मला ते सफाईने जमत होतं.

हे रिटायर झाल्यावर आम्ही परदेशाच्या टूरला नाव घातलं. निघण्याआधी दादरला एका हॉलमध्ये सगळ्या मंडळींची मीटिंग झाली. बटाटेवडे झाले, ओळखी झाल्या, आणि टूर लीडरने प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक टोपी चढवली. पिवळीधमक. "काका, काकू, टोपी काढायची नाही हं. गर्दीत टोपी दिसली की आपला माणूस सापडला." चाळीस माणसं पिवळ्या टोप्या घालून फोटोला उभी राहिली.

मी विचारलं, "तिथे मोर्चेबिर्चे चालू आहेत म्हणे. टीव्हीवर दाखवत होते."

"ते शहराच्या दुसऱ्या टोकाला हो काकू. आपला काही संबंध नाही."

तो हसला ते मला आवडलं नाही. फार पटकन हसला. घरी येताना मी यांना म्हटलं, हा माणूस काहीतरी लपवतोय. हे म्हणाले, "तुला तर दूधवालाही काहीतरी लपवतोय असं वाटतं." आता दूधवाला लपवतोच, पण ते जाऊ दे.

यांची एक सवय इथे सांगायला हवी. आमच्या बिल्डिंगखालून काहीही जाऊ दे, मोर्चा, पालखी, विसर्जन, हे पाण्याचा जग आणि ग्लास घेऊन खाली उतरतात. झेंडा कुठला ते बघत नाहीत. यांचे वडील गिरणीत होते, संपात मोर्चाने चालले होते, आणि कुणीतरी त्यांना पाणी दिलं होतं, ते घरात फार सांगितलं जायचं. दुसरं म्हणजे यांना ऐकू कमी येतं. कानात यंत्र असतं, पण ढोल वाजायला लागले की त्रास होतो म्हणून काढून खिशात टाकतात.

देशाचं नाव घेत नाही. चूक त्या देशाची नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलबाहेर पडलो तर समोरच्या कट्ट्यावर एक पांढरट दाढीवाला जाडा माणूस बसलेला. आमच्या टोप्यांकडे टक लावून बघत होता. माझी नजर गेली तसं त्याने स्वतःच्या डोक्यावर बोटाने टकटक केलं आणि हात जोरात झटकला. म्हणजे काय, आमचं डोकं फिरलंय? मला राग आला. मीही माझ्या डोक्यापाशी बोट फिरवून दाखवलं, तुझंच फिरलंय. त्याने मान हलवली, उठला आणि आमच्या मागून चालायला लागला.

मी पर्स पोटाशी घेतली. दोन कोपरे गेलो, हा मागेच. मी थांबले की थांबायचा. लीडरजवळ जाऊन त्याने काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, लीडरने "नो, नो, थँक यू" करून हाकललं. मला वाटलं, चला, एक काम तरी धड केलं. त्यात माझं लक्ष दुकानांकडे गेलं. सगळी शटरं अर्ध्यावर. मी यांची बाही ओढली.

"अहो, शटरं बघा. काहीतरी होणार आहे."

लीडरने ऐकलं. "काकू, इथे दुपारी दुकानं बंद ठेवून झोपतात."

घड्याळात अकरा वाजले होते. अकराला कोण झोपतं? पण सगळे हसले आणि मीही त्यांच्यामागे चालायला लागले. संशयी बाईचा हा एक तोटा असतो, खरं बोलली तरी लोक हसतात.

चौक आला आणि समोरून मोर्चा आला. ढोल, शिट्ट्या, हजारभर माणसं तरी असतील. पुढची पोरं काठीला बांधलेलं एक पिवळं कापड खाली आपटत होती, त्यावर नाचत होती. ते मी बघितलं. देवाशप्पथ बघितलं, पिवळं कापड, पायाखाली, आणि माझ्या डोक्यात काही म्हणता काही आलं नाही, कारण माझा सगळा जीव त्या दाढीवाल्यावर होता. तो आता अगदी जवळ आला होता.

आमचे हे? यांनी यंत्र काढून खिशात टाकलं, पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि सरळ पुढे गेले. मोर्चाला पाणी द्यायला! डोक्यावर पिवळी टोपी, आणि बाटली धरलेला हात वर. समोरच्यांना काय वाटलं असेल? एक ओरडला. मग दहा ओरडले. पहिला दगड यांच्या पायाशी पडला. मी हाका मारतेय, "अहो! मागे या! अहो!" ऐकू कुठे येतंय.

तेवढ्यात तो दाढीवाला धावला. त्याने यांची कॉलर धरली आणि डोक्यावरची टोपी हिसकली. मी छत्री काढली आणि त्याच्या मनगटावर हाणली. "सोड मेल्या! सोड त्यांना!" एकदा, दोनदा, तीनदा. त्याने कॉलर सोडली नाही. यांना ओढत ओढत एका बटणं-दोऱ्याच्या दुकानापाशी आणलं आणि अर्ध्या शटरखालून आत ढकललं. हे गुडघ्यांवर पडले. मी वाकून त्यांच्यामागे शिरले आणि वळून बघितलं.

तो दोन हातांवर होता. आत यायला वाकत होता. हातात यांची टोपी होती.

मला वाटलं, आता आत येतो आणि आम्हाला लुटतो. एवढंच वाटलं. पाय शटरवर गेला, हात कडीवर गेले आणि मी झटक्यात शटर खाली ओढलं. कडी लावली. चाळीस वर्षांनी हात लावला होता, पण एकदाही अडकलं नाही.

दुकानात एक म्हातारी होती. ती कपाळावर हात मारून माझ्यावर ओरडायला लागली. मला तिची भाषा येत नव्हती. मग तिने माझ्या डोक्यावरची टोपी ओढून काढली, बटणांच्या खणात कोंबली आणि तिचा फोन माझ्यापुढे धरला. फोनवर बंदूक घेतलेल्या माणसांचा फोटो होता. सगळ्यांच्या डोक्यावर पिवळ्या टोप्या होत्या.

आदल्या आठवड्यात त्या टोळीने तिथल्या बाजारात गोळीबार केला होता, माणसं मारली होती. हे मला नंतर लीडरने बसमध्ये सांगितलं, मान खाली घालून. गोळीबाराचं त्याला आधीपासून माहीत होतं. लोक ट्रिप रद्द करतील म्हणून बोलला नव्हता. त्याच्याबद्दलचा माझा संशय खरा होता. त्याचं आता काय करू? लोणचं घालू?

अर्ध्या-पाऊण तासाने पोलिसांनी शटर उघडायला लावलं. बाकीची मंडळी टोप्या खिशात घालून एका हॉटेलात लपली होती, सगळी सुखरूप. फुटपाथवर यांची बाटली चेपून पडली होती. दाढीवाला नव्हता. मी लीडरला विचारलं, तो माणूस कुठे आहे? तो म्हणाला, "इथल्या एकाला अँब्युलन्समधून नेलं म्हणतात. तोच का दुसरा कोण, माहीत नाही. चला काकू, बस उभी आहे." मी त्याचा हात धरून, मला त्या हॉस्पिटलात घेऊन चल, असं म्हणायला हवं होतं. मी बसमध्ये जाऊन बसले.

या गोष्टीला आता दोन वर्षं होतील. हे ती गोष्ट सगळीकडे सांगतात. पूजेला सांगतात, केळवणात सांगतात, शीवला व्याह्यांकडे तर दोनदा सांगून झाली. "एका दाढीवाल्या गुंडाने माझी टोपी खेचली, मला धरून फरफटवलं. पण ही! मसालेवाल्याची मुलगी! छत्रीने झोडला त्याला आणि काय शटर ओढलं, वा!" लोक माझ्याकडे कौतुकाने बघतात. मी चहा टाकायला आत जाते.

मी यांना खरं सांगितलेलं नाही. मोर्चा आला की हे अजून पाणी घेऊन खाली उतरतात, आणि मला वाटतं, यांना कळलं तर हे माझ्या हातचं पाणी पितील का?

यांना एवढंच माहीत आहे की शटर खाली आलं आणि आपण वाचलो. शटर लागल्यावर बाहेरून त्यावर दोनदा हाताची थाप पडली होती. जोरात नाही, शेजारी दार वाजवतात तशी. यांचं यंत्र खिशात होतं, यांना ती ऐकू आली नाही. मला आली होती, आणि माझा हात कडीवरच होता.