डोमा आणि बायजाबाईची सतरंजी

डोमा रामटेके पंचाहत्तरीचे, हयात मागावर गेलेली. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव गेलं आणि पुनर्वसनातल्या घरात माग मांडायला जागा उरली नाही, तेव्हा तो त्यांनी देऊन टाकला. त्याच वर्षी बायको, बायजाबाई, वारली. लग्नानंतरच्या नव्या संसारात दोघांनी मिळून विणलेली एक सतरंजी तेवढी राहिली.

नागपूरच्या एका लहानशा संग्रहालयासाठी जुनी विणकामं शोधणारी प्रतिक्षा अड्याळच्या बाजारात चौकशी करत करत घरी आली. अंगणात सतरंजी पसरून ती गुडघ्यांवर बसली आणि मोठ्यानं बोलत वहीत लिहू लागली. लांबी सात फूट, रुंदी चार. सूत जाड. लाल रंग विटकरी झालेला, काळा अजून शाबूत. मधोमध पायऱ्यापायऱ्यांचे तीन शंकरपाळे. असे शंकरपाळे अमेरिकेतले नावाहो लोक विणतात, असं तिनं सांगितलं. त्या लोकांचं काही माहीत नाही, डोमा म्हणाले, ह्या आमच्या गावच्या नदीघाटाच्या पायऱ्या आहेत.

मग तिनं दोन्ही कडांना मोजपट्टी लावली. डावी बाजू उजवीपेक्षा दोन बोटं आखूड भरली, वीणही तिकडे घट्ट होती. "इथे दोष आहे," असं म्हणत ती लिहायला वाकली.

"दोष नको लिवू, बाई," डोमा म्हणाले. "डाव्या अंगाले बायजा बसे. सूत दाबाचा पंजा लय जोरानं ठोके. मी म्हणो, हळू ठोक. आयकेच नाही."

प्रतिक्षा बराच वेळ त्या बाजूवरून बोटं फिरवत राहिली. मग तिनं लिहिलं, दोन हातांची वीण.

सतरंजी संग्रहालयात नीट राहील, असं ती सांगून गेली. एका कोपऱ्याला उंदीर लागलेच होते. मुलगा अंकुश म्हणाला, देऊन टाकू. डोमांनी आठ दिवस घेतले आणि हो म्हटलं.

दिवाळीनंतर बापलेक नागपूरला बघायला गेले. सतरंजी भिंतीवर ताणून लावली होती. डोमांनी डावीकडे हात नेला, तसं तिथल्या माणसानं अदबीनं थांबवलं. त्याचं बरोबर होतं. डोमा हात मागे बांधून उभे राहिले.

परतताना एसटीत ते म्हणाले, "घरी असती तं रोज हात लागला असता."

परत मागू का, अंकुशनं विचारलं.

"नाही. तिथं टिकन ते," असं म्हणून ते पवनीला उतरेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.