एका ‘नाही’साठी पानभर मराठी

पांढरकवड्याला बचत गटाच्या बायांचं तीन दिवसांचं व्यक्तिमत्त्व विकास शिबिर झालं आणि मी बिघडून परत आले. बिघडून हाच शब्द बरोबर आहे. शिकवणारे सर इस्त्रीचा शर्ट घालून सांगत होते की शब्द वाढले की माणूस वाढतो, रोज पाच नवे शब्द पाठ करा, आणि ‘मले-तुले’ सोडा. शिबिरात चाळीस बाया होत्या. त्यातल्या एकीनेही विचारलं नाही की मले-तुले म्हणून आमचं आजवर काय अडलं होतं. मीही नाही.

गावात येऊन मी एक वही केली. पेपरातल्या अग्रलेखातून शब्द उतरवायचे, भाकरी थापताना घोकायचे. अनुषंगाने. यथावकाश. सहानुभूतिपूर्वक. घरचे जेवायला बसले की विचारत, “आज वरन समाधानकारक हाय का उल्लेखनीय?” मी चिडायची, पण आतून फुगायचीही. गटाची सचिव मी होतेच. आता पंचायतीतलेही अर्ज माझ्याकडे येऊ लागले.

एक दिवस सरपंच स्वतः दारात आले. गाव त्यांना भाऊ म्हणतं. हातात टेकडीवरच्या पोडाचा अर्ज होता. पोड म्हणजे कोलाम आदिवासींची पंचवीस-तीस घरं. तिथली हापशी बंद पडली होती आणि बाया पाण्याचे गुंड घेऊन खाली नाल्यातल्या झिऱ्यावर येत होत्या. दुरुस्तीला फार तर दोन दिवसांचं काम.

“वयनी, तुमच्या भाषेत वजन हाय,” भाऊ खुर्चीवर बसत म्हणाले. “याचं उत्तर लेहून द्या. पोडावरून आपल्याले मतं भेटली नाही, मालूम हाय नं? मंग कायले करून द्याव त्याहिचं काम? पन सरळ नाही म्हटलं तं वर तक्रार जाते. असं लेहा का त्याहिले वाईटबी नाही वाटलं पायजे अन् आपल्या अंगावरबी नाही आलं पायजे.”

हे सगळं माझ्या कानांनी ऐकलं. मला कोणी फसवलं नाही. त्यांनी चहा घेतला, मी वही उघडली आणि लिहायला बसले. आज तो कागद आठवला की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. ‘आपल्या मागणीचा सहानुभूतिपूर्वक विचार करण्यात आला असून, उपलब्ध परिस्थितीच्या मर्यादेत, यथावकाश उचित कार्यवाही करण्याच्या अनुषंगाने वरिष्ठ स्तरावर पाठपुरावा करण्यात येईल.’ असं पानभर. भाऊंनी वाचून मान डोलावली, आणि मी दिवसभर खुशीत होते.

आठ-दहा दिवसांनी पोडावरची एक म्हातारी माझ्याकडे आली. गटाच्या कामाने ओळख, मी तिला मावशी म्हणते. तिने पदराच्या गाठीतून घडी घातलेला कागद काढला. पंचायतीचा शिक्का होता, त्यावर सही होती, आणि शब्द सगळे माझे.

“वाच वो बाई. दोघा-तिघाहिले दाखवला. सारे म्हनतेत, चांगलं लेहलं हाय. हापशी कवा करतेत ते कोनालेच सांगता येत नाही.”

मी वाचून दाखवलं. ती डोळे बारीक करून शेवटपर्यंत ऐकत होती.

“मंग येते का मिस्तरी?”

“नाही मावशी.”

“म्हंजे हे नाही म्हनते?”

“हो.”

तिने कागद उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला. “मंग येवढ्याश्या नाहीले येवढं पान कायले लागलं? आमी आठ दिवस वाट पाह्यली नं वो.”

मीच लिहिलंय हे सांगायची त्या वेळी हिंमत झाली नाही. पाणी दिलं, ती प्यायली आणि गेली. मग मात्र माझं डोकं असं सणकलं की रात्रीचा स्वयंपाक करपला. ज्या सरांनी शब्द वाढवायला सांगितले, त्यांनी ते कोणासाठी वाढवायचे हे का नाही सांगितलं? माणसांना पाणी द्यायचं नाही, हे साधं वाईट काम. त्यावर मी इतकं छान कापड घातलं की ज्यांचं पाणी अडवलं, तेच शिवी द्यायचं सोडून वाट पाहत बसले. हा माझा विकास!

पुढच्या ग्रामसभेला पोडावरच्या सात-आठ बाया येऊन मागे जमिनीवर बसल्या. मी पुढे, नोंदी लिहायला. मावशीने उठून हापशीचं विचारलं. भाऊ हसतमुखाने उभे राहिले आणि बोलू लागले. “तुमच्या मागनीचा सहानुभूतिपूर्वक विचार झालेला हाय. वरिष्ठ स्तरावर पाठपुरावा चालू हाय. यथावकाश...” अडखळले नाहीत, कागदही पाहिला नाही. सगळं पाठ झालं होतं. लोक माना हलवत होते. माझ्या हातातला पेन तिथेच थांबला.

मावशीने भाऊंकडे पाहणं सोडलं आणि माझ्याकडे वळली. “काय म्हनून राह्यला वो तो?”

मी उठले.

“नाही म्हनून राह्यले, मावशी. तुमी मत नाही देल्लं म्हनून हापशी करून देत नाहीत. हे मले त्याहिनं सोता सांगतलं. अन् तो कागद मीच लेहला होता.”

मावशी माझ्याकडे पाहत राहिली. त्या नजरेत काय होतं ते मी इथे लिहिणार नाही, ते माझ्याकडेच राहू दे. भाऊंचा चेहरा लाल झाला. एवढा वेळ तोंडात घोळणारे माझे सगळे शब्द गळून पडले, आणि जे उरलं ते पोडावरच्या शेवटच्या बाईलाही लगेच समजलं.

“खाली बसा.”

मी बसले नाही.