कुंताबाईंचे पहिले दोन शब्द

“सुरुवातीचं कापून टाक प्रमोद, नातीचं येतं तिथून ठेव,” आमचे स्टेशनप्रमुख सर म्हणाले. मी शेजारच्या टेबलावर बातम्या टाइप करत होते. मला ऐकू जावं म्हणून ते बोलले नव्हते.

सौंसरच्या आमच्या छोट्या रेडिओ स्टेशनवर मी बातम्या वाचते आणि दुपारी फर्माइशीचा कार्यक्रम करते. श्रोत्यांचे फोन आधी रेकॉर्ड होतात. मग प्रमोदभाऊ त्यातला खोकला, मागच्या टीव्हीचा आवाज असलं काही कॉम्प्युटरवर काढून टाकतात. याला एडिट म्हणतात. त्या दिवशी खोकला राहिला. तिगावच्या कुंताबाईंचं ‘जय भीम’ गेलं. मोहगावच्या संत्रेवाल्यांचं ‘राम राम’ मात्र तसंच वाजलं.

मी टाइप करत राहिले. शाळेत मी ‘गुड मॉर्निंग’ म्हणत मोठी झाले, घरी ‘जय भीम’. ऑफिसात ‘हाय’ म्हणते. त्यापुढे कोणी विचारत नाही, आणि मला ते सोयीचं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम संपतो न संपतो तोच फोन वाजला.

“ताई, मी कुंता. माही नात नर्सिंग पास झाली म्हणून तुम्ही गाणं लावलं, लय बरं वाटलं. पण मी आधी जय भीम म्हटलं होतं ना?”

“हो मावशी, म्हटलं होतं.”

“मंग काहून नाही आलं? कापूस वेचता वेचता साऱ्या बाया चिडवून राहिल्या. म्हणे, रेडिओवर गेली तं लाजली व कुंता! नात तं बोलूनच नाही राहिली माह्याशी.”

मी सरांकडे गेले. “सर, तो फोन पूर्ण लावता येईल का?”

“बेटा, आपलं स्टेशन सगळ्यांचं आहे. इथं नारेबाजी नको.”

“आणि राम राम?”

“तो नमस्कार झाला ना!”

“हा पण नमस्कारच…” मी म्हणेपर्यंत सर मोबाइलमध्ये बघू लागले होते.

शनिवारचा कार्यक्रम लाइव्ह असतो. फोन थेट हवेत जातो, कापायला सवडच नसते. कोणाचा फोन घ्यायचा ते मी ठरवते. मी कुंताबाईंना कळवलं, “शनिवारी परत लावा.”

त्यांनी लावला. मी फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, वर केली.

“जय भीम ताई! तिगावहून कुंताबाई बोलून राहिली.”

मागे बायांचा गलका होता. तो एकदम थांबला. साऱ्याजणी माझ्या उत्तराची वाट पाहत होत्या. काचेपलीकडे सर हाताने खुणावत होते, गाणं लाव, गाणं लाव. रेडिओवर दोन सेकंद कोणी बोललं नाही तर लोकांना मशीन बंद पडल्यासारखं वाटतं. ‘नमस्कार, आपलं स्वागत आहे’ हे रोजचं वाक्य जिभेवर होतं. लाइव्हमध्ये बोललेलं परत घेता येत नाही. नवीन आलेल्यांना आम्ही हे घाबरवायला सांगतो.

“जय भीम मावशी,” मी म्हणाले. “नातीलाही माझा जय भीम सांगा.”