गुलाबी केलेल्या हिरड्या

गल्लीतले फोटोवाले माणसाला गोरं केल्याशिवाय दुकानाबाहेर सोडत नसत. फोटो पासपोर्टचा असो की कुणा गेलेल्या आजोबांचा, संगणकापुढे बसून ते चेहऱ्यावरून असा हात फिरवत की आजोबा हयातीत कधी नव्हते इतके तजेलदार दिसत. लग्न जमवायला पाठवलेला एक फोटो बघून मुलाकडची मंडळी आली आणि मुलीच्या समोर बसूनच "मुलगी कधी येणार?" असं विचारत राहिली. हा किस्सा फोटोवाले प्रशस्तिपत्रासारखा सांगत. गल्लीनं त्यांना 'पावडरवाले' म्हणायला सुरुवात केली, तर त्यांना त्यातही कौतुकच दिसलं.

आणि नेमकी अशा माणसाची बायको काळवंडायला लागली.

"अगं, उन्हात जात जाऊ नकोस," ते म्हणाले.

"जाते कुठे? दिवसभर तुमच्या गल्ल्यावर तर बसलेली असते. तुमच्या ट्यूबलाइटनं काळी होत असेन तर सांगा."

बरं, रंग चढत होता तोही जिथं ऊन पोचत नाही तिथं. तळहाताच्या रेषा पेनानं गिरवल्यासारख्या झाल्या. मनगटावरचा भाजल्याचा जुना डाग काळा पडला, हिरड्या काळसर झाल्या. उठून उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी यायची. अंगावरचे कपडे ढगळ झाले. आणि काकडीच्या फोडीला मीठ लावून खाता खाता ती फोड बाजूला ठेवून नुसतं मीठच चाटू लागली.

घरात निदान करणाऱ्यांची कमी नव्हती. सासूबाईंच्या मते हा निव्वळ आळस. "आमच्या वेळी थकायला सवड कुणाला होती?" नणंदबाईंना हेवा वाटला. "वहिनी, काय बारीक झालीस गं! काय खातेस ते सांग ना."

"मीठ," वहिनी म्हणाली.

नणंदेला ही थट्टा वाटली. तिनं जाताना उजळ होण्याचं क्रीम मात्र ठेवलं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी मान वर न करता टॉनिक लिहून दिलं. फोटोवाल्यांचा उपाय सगळ्यांत सोपा होता. घरातल्या सगळ्यांचा एक फोटो दरवर्षी निघे आणि जिन्याच्या भिंतीवर लागे. त्यात त्यांनी बायकोला बरी करून टाकलं.

मग एकदा तिचं पोट बिघडलं. साधं दुखणं, दोन उलट्या, पण गल्ल्यावरून उठायला गेली ती खालीच कोसळली. दवाखान्यात सलाईन लागलं. डॉक्टरीणबाईंनी तिचा तळहात उघडून पाहिला. रक्तदाब तळाला गेला होता, रक्तातलं मीठही घटलं होतं.

"हा रंग मूळचा, की अलीकडे बदललाय?"

"छे, सून आमची गोरीच!" सासूबाई म्हणाल्या.

"काहीतरीच काय आई, सावळीच होती ती," नणंद म्हणाली.

"जुने फोटो आहेत?"

फोटोवाल्यांची छाती फुगली. त्यांनी फोनवर जिन्याची अख्खी भिंत उघडून दिली. डॉक्टरीणबाई एकेक फोटो सरकवत गेल्या. सगळे दुधात बुडवून काढलेले.

"यात तर काहीच फरक नाही. हा शेवटचा कधीचा?"

"मागच्याच महिन्यातला."

त्यांनी फोटो पाहिला, मग खाटेकडे पाहिलं. "महिन्याभरात माणूस इतका बदलत नाही. खरं काय ते सांगा. रंग हळूहळू बदलला असेल तर मला आत्ताच्या आत्ता वेगळं औषध सुरू करायचंय. रिपोर्टची वाट पाहत बसले तर जिवावर बेतेल."

फोटोवाल्यांनी इकडेतिकडे पाहिलं. सलाईन धरून उभ्या असलेल्या नर्सच्या गळ्यात ओळखपत्र होतं. त्यावरचा गोरापान फोटो त्यांच्याच हातचा होता, आणि ती कान देऊन ऐकत होती.

"मी... हात फिरवतो," ते पुटपुटले. "दरवर्षी जरा जास्त."

"म्हणजे?"

"आधी थोडक्यात भागायचं. मग मानेवरून फिरवावा लागला, मग हातांवरून. यंदा तर सकाळी बसलो तो जेवायला हाक मारली तरी उठलो नाही."

"हिरड्या राहिल्या," खाटेवरून क्षीण आवाज आला. "हसले होते ना मी. त्याही गुलाबी केल्यात यांनी."

"म्हणजे हिरड्या काळ्या झाल्याचं तुम्हाला दिसलं होतं?"

"दिसलं ना," फोटोवाले म्हणाले. "म्हणून तर केल्या."

 डॉक्टरीणबाईंनी तपासणीसाठी रक्त काढून घेतलं आणि लगेच इंजेक्शन द्यायला सांगितलं. घरातल्या कुणाला जे दिसलं नव्हतं ते या गृहस्थांनी वर्षानुवर्षं बारकाईनं पाहिलं होतं, आणि तितक्याच बारकाईनं पुसलं होतं.

संध्याकाळपर्यंत ती उठून बसली. पुढे रिपोर्टही डॉक्टरीणबाईंच्या अंदाजासारखाच आला. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन अ‍ॅड्रिनल ग्रंथी असतात, त्यांनी काम टाकलं होतं. त्यांनी काम करावं म्हणून वरून मेंदू आरडाओरडा करत होता आणि ती ओरड कातडीवर काळी होऊन उमटत होती. आता जन्मभर गोळ्या. ताप आला तर डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे वाढवायच्या, बंद मात्र कधीच करायच्या नाहीत.

काही महिन्यांत रंग निवळला. नणंद धावत आली. "वहिनी, माझ्याच क्रीमनं ना?"

"गोळ्या आहेत ताई, जन्मभराच्या. सोबत ग्रंथी बंद पडलेल्या लागतात. देऊ?"

कुठे बेशुद्ध पडली तर काय आजार, कुठलं औषध ते सांगणारं एक कार्ड पर्समध्ये ठेवायचं होतं, त्याला फोटो हवा होता. ती स्टुलावर बसली, फोटोवाल्यांनी तो काढला आणि संगणकावर उघडला. डोळ्यांखाली अजून सावली होती. त्यांचं बोट सवयीनं माउसवर गेलं.

"अहो," ती मागून म्हणाली, "मी रस्त्यात पडले तर लोकांनी कार्ड बघून मला ओळखायचंय. तुमच्या फोटोवरून ते दुसरीच कुणी बाई शोधत बसतील."

"जरासाच..."

तिनं माउस वायरसकट ओढून काढला, आपल्या पर्समध्ये टाकला, आणि उभ्या उभ्या म्हणाली, "छापा."