बटण दाबलं ते घर

गोरक्ष मोटारी भरतो. म्हणजे घोडेगावच्या चौफुल्याजवळ पत्र्याच्या गाळ्यात बसून जळालेल्या पाणबुडी मोटारींत नवी तार भरून देतो. वय चाळिशीच्या पुढं, बोलणं बेताचं, आणि गावानं ठेवलेलं नाव 'रॉकेट'. नाव कौतुकानं ठेवलेलं नाही. आमच्या गावात कौतुक फक्त निवडून आलेल्यांचं होतं.

मी त्याला आठवीला विज्ञान शिकवलं. शिकवलं म्हणजे पुस्तक वाचून दाखवलं. एकदा त्यानं विचारलं, "सर, लई वर गेल्यावर आभाळ काळं दिसतं म्हनत्यात. भर दिवसा सुदिक?" मला उत्तर येत नव्हतं. मग मी उलट विचारलं, "तुझा बाप गेला होता का बघायला?" आणि तासभर अंगठे धरायला लावले. वर्ग हसला, मीही हसलो. पुढं मी मुख्याध्यापक होऊन निवृत्त झालो. तो प्रश्न त्यानं तीस वर्षं जपला.

चार वर्षं खपून त्यानं एक विमान केलं. फ्रिजच्या खोक्यातल्या थर्माकोलचं, लांब पंखांचं, इंजिन नसलेलं. त्याच्या पोटात काड्यापेटीएवढी सर्किटची एक पट्टी. वैमानिकाचं काम ती करते. तिचा आराखडा आणि तिला अक्कल देणारा प्रोग्रॅम जगभरच्या हौशी लोकांनी मिळून केलाय आणि कुणालाही फुकट वाटलाय. हे ऐकून सोसायटीच्या ऑफिसात लोक म्हणाले, "फुकट? मंग काय तरी गोम असनार." बरोबरच आहे. विहिरीवरचा पाना शेजाऱ्याला देताना आमचा जीव खालीवर होतो. ब्राझीलमधल्या कुणा अनोळखी माणसानं गोरक्षच्या मोडक्या इंग्रजीला लांबलचक उत्तरं लिहिली. मी त्याच्या पलीकडच्या गल्लीत राहतो, मला एक ओळ देता आली नव्हती.

बेत साधा होता. वायूचा मोठा फुगा विमानाला अठ्ठावीस किलोमीटर वर नेणार, तिथं दोरी तुटणार, आणि विमान आपलं आपण तरंगत घरी येणार. वरचे फोटो खाली पाठवायची सोय नव्हती. जे काय टिपलं जाईल ते कॅमेऱ्यातल्या नखाएवढ्या कार्डावर. ते कार्ड हाती आलं तर सगळं, नाहीतर काहीच नाही. दोन वर्षं अर्जांमागं अर्ज करून एका सकाळची परवानगी मिळाली. तो घरी सांगायला आला. "सर, फोटो पयला तुमालाच दावनार," म्हणाला. काय ते मी समजलो.

एवढ्यावर गप्प बसलो असतो तर मी मास्तर कसला? निवृत्त माणसाला कार्यक्रमाची खाज असते. मी म्हटलं, उद्घाटन हवं, प्रमुख पाहुणे हवेत. पाहुणे म्हणजे श्रीमंतआण्णा, कारखान्याचे संचालक. यांनी आजवर बोअर, व्यायामशाळा, गटार आणि तीच गटार दुरुस्त झाल्यावर पुन्हा, अशी सगळ्यांची उद्घाटनं केलीत. आण्णा म्हणाले, "ढेकळांत कुठं येऊ गुरुजी? यंत्र बंगल्यावर आना, बटन दाबतो. मंग न्या तिकडं आन सोडा."

बंगला शेतापासून चार किलोमीटर. गोरक्षनं मला बाजूला घेऊन समजावलं. "सर, बटन जितं दाबलं तेच ह्यो घर समजतो. परत तितंच जानार. आण्णांचं उरकलं की शेतात मी बंद करून पुन्यांदा चालू करतो." मी मान हलवली.

बंगल्यावर शाल झाली, नारळ झाला. अंगठ्यांनी जड झालेलं बोट आण्णांनी बटणावर ठेवलं आणि फोटो नीट येईपर्यंत काढलं नाही. मग आम्ही टेम्पोतून शेतात आलो. फुगा भरला. गोरक्षनं बटण बंद करायला हात घातला तसा मोबाईलवर शूटिंग करणारा आण्णांचा माणूस ओरडला, "ए रॉकेट! आण्णांनी चालू केल्यालं बंद करतो व्हय?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. विज्ञानाचे सर ना मी. आणि मी, सगळं ठाऊक असताना, म्हणालो, "राहू दे रे. पाहुण्यांनी लावलेली समई कुणी विझवतं का? आण्णांकडंच जाईल, आणू की जाऊन."

गोरक्षनं माझ्याकडं बघितलं. त्यानं हात मागं घेतला आणि दोरी सोडली.

अडीच तासांनी विमान आण्णांच्या हिरवळीवर अलगद उतरलं. वाऱ्यानं ढकललं तरी चुकलं नाही. त्या सकाळी आपलं काम चोख केलेलं तेवढं एकच होतं. आम्ही मोटारसायकलवर पोचलो तोवर त्याच्या गळ्यात, म्हणजे जिथं गळा असता तिथं, हार पडला होता.

"घरी चालत आल्याली लक्षुमी कोन माघारी धाडतं का, गुरुजी?" आण्णा म्हणाले. बैठकीत काचेच्या कपाटात, मानपत्रांशेजारी तिची जागाही ठरली होती.

"इमान ठिवा, आण्णा," गोरक्ष म्हणाला. "निस्तं कार्ड द्या."

"देऊ की. पळून चाललंय का?"

मी काय केलं? चहा घेतला. बशीतून घेतला. तोंड उघडायला मला तेवढंच निमित्त पुरलं. लाज वाटायला आठ दिवस लागले. आठ दिवस गोरक्ष गाळा बंद करून त्या फाटकापाशी जात राहिला, आणि नवव्या दिवशी त्याला कार्ड मिळालं. रिकामं. आण्णांच्या माणसानं त्यात डीजेची गाणी भरली होती. गाणीही नंतर पुसली होती, तेवढा प्रामाणिकपणा.

महिन्याभरानं आण्णांचा वाढदिवस आला. सकाळी गोरक्ष दारात उभा. "सर, चला. फोटो दावतो."

मला वाटलं, कुठूनतरी मिळाला. त्यानं मला चौफुल्यावर नेलं. वीस फुटी फ्लेक्स लागला होता. कार्ड पुसण्याआधी त्यातला एक फोटो आण्णांच्या माणसाला कामाचा वाटला होता. खाली पृथ्वीची निळसर कड, थोडी वाकलेली, तिच्यावर ढगांचा पुसट पापुद्रा. वर आण्णा हात जोडून, सूर्याच्या जागी. 'अवकाशाला गवसणी' अशी अक्षरं सोनेरी रंगात. आणि कडेकडेनं शुभेच्छुकांची मुंडकी ओळीनं चिकटवलेली. डावीकडून तिसरं माझं. हसत होतं.

आण्णांचा फेटा आणि सोनेरी अक्षरं यांच्यामध्ये फोटोतलं हातभर आभाळ मोकळं राहिलं होतं. गोरक्षनं तिकडं बोट केलं.

"बघा सर," तो म्हणाला. "काळंच हाय."